बर्फ पाहून परत आलो तेव्हा
कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला आणि आईची काश्मिरी लोकरी टोपी हाताला लागली. परभणीच्या उन्हात तिचा उपयोग शून्य. बर्फ बघायचा म्हणून आईनं वर्षानुवर्षं साठवलेले पैसे काश्मीरच्या त्या आठवड्यात सढळ हातानं खर्चले. विमान, हाऊसबोट, कशालाच ती नाही म्हणाली नाही. परत आलो तेव्हा भर दुपार होती, स्टेशनाबाहेरचा रस्ता नुसता भाजत होता. मी रिक्षाला हात केला, तर आई पिशवी काखोटीला मारून चालायलाही लागली. बाबा म्हणाले, "तिकडं एवढं उधळलंस, अन् रिक्षाला का जीवावर यायलंय?" ती थांबली नाही. "जन्मभर चालले म्हनून बर्फ दिसला. आता समुद्र बघायचाय." आज मी समुद्रासाठी बॅग भरतेय. आई चपला घालून दारात उभी आहे. स्टेशनला जायला रिक्षा बोलवायची नाही, असं तिनं आधीच बजावलंय.