शेवंताकाकींचा हात

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते माझं मलाच नीट कळत नाही — पण ही घाण आता तोंडात धरवत नाही.

अठ्ठ्याण्णव साल. रत्नागिरीजवळच्या एका केंद्रात मी टोमॅटोवर काम करायचो. करप्याला दाद न देणारं वाण काढायचं होतं. करपा म्हणजे बुरशी — पानावर तपकिरी ठिपके, मग अख्खं पान भाजल्यासारखं. बोराएवढ्या रानटी टोमॅटोशी आमच्या टोमॅटोचा संकर केला, पुढे पिढ्यामागून पिढ्या निवड. फवारणी अजिबात नाही. सतरा नंबरची ओळ टिकणार, असं मी साहेबांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो.

नाही टिकली. साहेब पाहणीला यायच्या दिवशी सकाळीच मी त्या ओळीत उकिडवा बसलो आणि ठिपक्यांचं एकेक पान खुडलं. टोमॅटोच्या पानांनी बोटं काळीहिरवी होतात, साबणानेही डाग लवकर सुटत नाही. त्याच बोटांनी मी साहेबांना चहा दिला. ते खूश. मी — मीही खूश. किळस तेव्हाच यायला हवी होती, नाही का?

पण एवढ्यावर भागलं नाही.

रोपं लावायला मिरजोळ्याहून शेवंताकाकी यायच्या. त्यांच्या हाताला गुण आहे, असं सगळी वाडी मानायची. कुणाची केळ असो, कुणाचा पडवळ — पहिलं रोप काकींच्या हातून. मी शेतकी शिकलेला. डबा खाताना मी त्या हातगुणाची टिंगल करायचो, त्याही हसायच्या. पाहणीनंतर सतरा नंबरचं बी मीच त्यांना दिलं. फवारायची गरज नाही, म्हटलं. त्यांनी रोपं करून वाडीभर वाटली, घरोघर स्वतः लावून दिली. दीड महिन्यात सगळ्यांचे वाफे करपले.

काकी माझ्याकडे आल्या. रागाने नाही — रागाने आल्या असत्या तर बरं झालं असतं. खाली बघत म्हणाल्या, "माज्या हाताचा गुण गेला काय रे?"

बी खोटं होतं, काकी — एवढं म्हणायचं होतं. आणि मी, हातगुणाला हसणारा, काय म्हणालो?

"वय झालं की हात उतरतो, काकी."

इतकं सफाईदार कुठून सुचलं मला? स्वतःवर थुंकावंसं वाटतं.

त्यानंतर वाडीने त्यांना लावणीला बोलावणं सोडलं. पुढच्या वर्षी काकींना नात झाली. तिच्या नावाने परसात नारळ लावायचा होता, म्हणून मला निरोप आला. मी गेलो. खड्डा काकींनीच खणून, राख-मीठ घालून तयार ठेवला होता. रोपाला मात्र त्यांनी बोट लावलं नाही. चार हात लांब उभ्या राहिल्या. तुझा हात चांगला, तू लाव, म्हणाल्या.

मी लावला.