सुप्याच्या सर्व्हरचा प्लॅन

सावेडीत आमचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पुढं काउंटर, मागं पडदा आणि पडद्यामागं माझं टेबल. काउंटरवर माझा नवरा बसतो. लग्नाआधी मी पुण्यात एका कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये नोकरी करत होते. मुलगी झाल्यावर नोकरी सुटली, नगरला आलो आणि मी दुकानात बसायला लागले. त्याला माणसं जोडता येतात, मला मशीन. गिऱ्हाइकाशी बोलायचा तो, आणि काय बसवायचं, कसं बसवायचं हे ठरवायचे मी. "आम्ही करून देऊ," असं तो सांगायचा. त्या 'आम्ही'त मी आलेच, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

सुप्याच्या एमआयडीसीतून काम आलं ते असंच, त्याच्या ओळखीतून. गाड्यांचे सुटे भाग करणारा छोटा कारखाना. मालक जवळच्याच गावचे, घरची शेती सांभाळून धंद्यात उतरलेले. पार्ट्सची ड्रॉइंग पाच-सहा कॉम्प्युटरवर विखुरलेली, हिशेब एका जुन्या मशीनवर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग तिसरीकडंच. सगळं एका सर्व्हरवर आणायचं होतं.

आम्ही दोघं बघायला गेलो. नवरा मालकांबरोबर शेड बघत फिरला आणि मी ड्रॉइंग करणाऱ्या इंजिनिअर बाईंशेजारी खुर्ची ओढून बसले. बाई मूळच्या जामखेडच्या, नगरहून रोज सुप्याला येणाऱ्या. त्यांच्या फाइल केवढ्या, वर्षाला किती वाढतात, एकाच वेळी किती जण उघडतात, हे विचारत गेले. मालक परत आल्यावर नवऱ्याकडं बघून म्हणाले, "आमच्यात लाईट कधी जाईल भरवसा न्हाई. अन् ड्रॉइंग मिळालं न्हाई तर मशिनी उभ्या राहत्यात, येवढं धरून चाला."

पुढचे काही दिवस मी त्या प्लॅनमध्ये गुंतले होते. असं काम मला फार आवडतं. चार डिस्क घ्यायच्या, दोन-दोनच्या जोड्या लावायच्या. जोडीतल्या एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवर, म्हणजे एक गेली तरी काम थांबत नाही. पाचवी जादा, गेलेलीची जागा आपोआप घेणारी. कॅमेरे दिवसभर लिहीत राहतात, म्हणून त्यांची डिस्क वेगळी. या डिस्क सांभाळायला कंट्रोलर कार्ड, तेही स्वतःची बॅटरी असलेलं, कारण अर्धवट लिहिलेलं असताना लाईट गेली तर तेवढं तरी ते धरून ठेवतं. आणि या सगळ्याबाहेर रोजचा बॅकअप, वेगळ्या डिस्कवर, कारखान्याच्या इमारतीत न ठेवता मालकांच्या घरी. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. जोडी म्हणजे आरसा. इकडं चुकून पुसलं की तिकडंही पुसलं जातं.

हे मी नवऱ्याला दोन संध्याकाळी समजावून सांगितलं. त्यानं ते पाठ केलं.

ठरलेल्या दिवशी आम्ही सुप्याला गेलो. तो चांगला बोलला. मालक मान डोलवत होते. मी टेबलाच्या कडेला बसून ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं, अभिमानासारखं.

मग इंजिनिअर बाईंनी विचारलं, "चारपैकी दोन डिस्क गेल्या तर?"

याचं उत्तर सोपं होतं. दोन वेगळ्या जोड्यांतल्या गेल्या तर चालतं, एकाच जोडीतल्या गेल्या तर सगळं जातं. पण हे मी त्याला सांगितलं नव्हतं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "कुठल्याही दोन जाऊ द्या मॅडम, काही होणार नाही."

मालक खूश झाले. "मंग येवढं मजबूत असताना बॅकप कशाला? ती डिस्क घरी न्यायची, आनायची, कोन करनार?"

"तसा लागत नाहीच," नवरा म्हणाला. "आम्ही आपलं जास्तीची काळजी म्हणून टाकला होता. काढून टाकू."

मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं बघितलं नाही. बाईंचं समाधान झालं नसावं. त्या माझ्याकडं वळल्या. "मॅडम, त्या दिवशी तुम्ही सगळं विचारत होतात. तुम्हीही हेच बघता का?"

मी तोंड उघडायच्या आत तो हसून म्हणाला, "नाही नाही, ती दुकानाचं अकाउंट्स बघते."

मी मान हलवली. म्हणजे होकारार्थी हलवली. समोर आलेला चहा घेतला आणि कप रिकामा होईपर्यंत त्यातच बघत राहिले.

परतताना गाडीत, केडगाव आल्यावर मी म्हणाले, "दोन डिस्कचं तुम्ही चुकीचं सांगितलंत. आणि बॅकअप काढता येणार नाही."

"मग तिथंच बोलायचंस ना."

"तुमचं हसं झालं असतं."

दुकानासमोर गाडी लावताना तो म्हणाला, "ऑर्डर तर येऊ दे. बॅकअप मग हळूच घालू."

अकाउंट्सचा विषय मी काढला नाही, त्यानंही नाही.

ऑर्डर आली, बॅकअप वगळून. "आता सांगा त्यांना," असं मी रोज म्हणायचे आणि तो "सांगतो" म्हणायचा. शेवटी मीच मालकांना फोन लावला. ते अदबीनं म्हणाले, "वैनी, हिशेबाचं काय आसंल तर बोला. मशीनचं साहेबांना फोन करायला सांगा."

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडं जाते असं घरी सांगून मी पुण्याची एसटी पकडली आणि सुप्याला उतरले. हे खोटं बोलण्याची मला गरज नव्हती. पण सांगितलं असतं तर तो बरोबर आला असता, आणि तो बरोबर असताना माझ्या तोंडून शब्द फुटला नसता.

इंजिनिअर बाईंना मी सरळ सांगितलं, "त्या दिवशी तुमच्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर चुकीचं होतं. तुमच्या हातून एखादं ड्रॉइंग पुसलं गेलं, तर या डिस्क ते परत देऊ शकणार नाहीत. बॅकअप घ्यावाच लागेल." त्या मला घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. तिथं मी तेच पुन्हा सांगितलं आणि पुढं म्हणाले, "हा प्लॅन मी केलाय."

मालक माझ्याकडं बघत राहिले. बोलणं त्यांना पटलेलं दिसत होतं, पण बोलणारी पटत नव्हती. त्यांनी टेबलावरचा मोबाईल उचलला, नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. सुपरवायझर कसलीशी सही घ्यायला आत आले होते, तेही थांबले.

"साहेब, तुमच्या मिसेस हितं आल्यात. म्हनत्यात, प्लॅन त्यांचा हाय. अन् बॅकप पायजेच. आता आमी कुनाचं धरायचं?"

पलीकडं दुकानातला आवाज येत होता. कुणीतरी प्रिंटरची शाई मागत होतं. नवरा त्याला "एक मिनिट" म्हणाला. मग म्हणाला, "तिचंच धरा. प्लॅन तिनंच केलाय. दुकानातलं सगळं काम तीच करते. मला त्यातलं फार कळत नाही, मी फक्त बोलतो."

सुपरवायझर हसले. मालकही हसले, वाईट हेतूनं नसेल. "व्हय का? मंग येवढे दिवस आमी बोलत कुनाशी हुतो?"

"माझं चुकलं साहेब," नवरा म्हणाला.

काम तीच करते, हे त्यानं कुणासमोर तरी म्हणावं, असं मला कित्येक वर्षं वाटत आलं होतं. कसं म्हणेल, कुठं म्हणेल, याचीही चित्रं मी रंगवली होती. आणि ते त्या छोट्या केबिनमध्ये, परक्या माणसांच्या हसण्यात, मोबाईलमधून बाहेर आलं तेव्हा मला मान वर करता येईना. चारचौघांत त्याच्या अंगावरचा सदरा मीच ओढून काढला, असं वाटलं. मी खोटं काहीच बोलले नव्हते. तरी वाटलं.

बॅकअप मंजूर झाला. सर्व्हर बसवायला आम्ही दोघं गेलो तेव्हा खोकी त्यानं उचलून आत आणली. मालक म्हणाले, "साहेब, तुमी भाईर बसा निवांत. मॅडमना करू द्या." तो व्हरांड्यातल्या खुर्चीवर जाऊन बसला. खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती. डिस्क सरकवताना, कंट्रोलरवर जोड्या लावताना मी एकदाही त्याला आत बोलावलं नाही. हा पाना दे, ती वायर धर, एवढं तरी म्हणता आलं असतं. काम संपल्यावर मालकांनी माझं कौतुक केलं आणि ते मी त्याच्या देखत ऐकून घेतलं.

घरी आल्यावर मी म्हणाले, "सुप्याला सांगून जायला हवं होतं मी."

"सांगितलं असतंस तर मी काहीतरी बोलून तुला थांबवलं असतं," तो म्हणाला. "आणि अकाउंट्सचं म्हणशील, तर ते तोंडातून कसं गेलं मला खरंच माहीत नाही. बाई तुझ्याकडं वळली आणि मी घाबरलो." मग तो मुलीच्या दप्तराची तुटलेली चेन बघायला लागला.

सुप्याचं काम उत्तम चाललंय. एक डिस्क मध्यंतरी गेली, जादा डिस्कनं जागा घेतली, बाईंनी फोन करून कळवलं. फोन मलाच केला. आता दुकानात कुणी मोठं काम घेऊन आलं की नवरा पडद्याकडं हात दाखवतो. "मॅडमना विचारा." गिऱ्हाइकं आत येतात. मला बोलायची सवय झाली आहे.

परवा एक लॅबवाले डॉक्टर आले होते. तो जुन्या सवयीनं त्यांना सांगायला लागला, "कसंय डॉक्टर, डिस्क दोन-दोनच्या..." आणि मधेच थांबला. बरोबरच सांगत होता. मी पडदा बाजूला करून त्याला म्हणाले, "बोला ना."

"नको," तो म्हणाला. "तू सांग." आणि शटरपाशी लावलेली गाडी नीट लावायला बाहेर गेला. ती नीटच लावलेली होती.