बर्नादेत बायचा फळा

एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात, एकाच दिवसात तीन वेळा, मी बर्नादेत डिसोजाने लिहिलेली बातमी ओल्या फडक्याने पुसली. मी तेव्हा आडबंदरच्या ग्रामपंचायतीत कारकून होतो. वय अठ्ठावीस. सरपंचांनी सांगितलं आणि मी पुसली.

आडबंदर मालवणपासून एसटीने तासाभरावर. कोल्हापूरचा पेपर फोंडाघाट उतरून आमच्याकडे यायला दुपारचे दोन वाजत. त्यामुळे सकाळी गावाला बातमी मिळायची ती स्टँडवरच्या वाचनालयाच्या फळ्यावरून, आणि तो फळा लिहायची बर्नादेत बाय. पंचेचाळिशीची, एकटी, स्टँडसमोरच्या घरात मुलींना शिवण शिकवणारी. गळ्यात कायम मापाची टेप. आणीबाणीत तिचा भाऊ मुंबईला छापखान्यात खिळे जुळवायचा. सरकारी साहेबाने मंजूर केल्याशिवाय मजकूर मशीनवर चढत नाही, असं त्याने तिला पत्रात कळवलं होतं. ते पत्र वाचून ती वाचनालयाच्या चिटणीसांकडे गेली आणि म्हणाली, "ह्यो फळो रिकामोच टांगून आसा. मी लिवू?"

तेव्हापासून सकाळी सातच्या रेडिओवरच्या बातम्या ऐकून ती पाच ओळी देशाच्या लिहायची आणि खाली दोन गावच्या. कुठली एसटी रद्द, कोण वारलं, रॉकेल कधी येणार. तिला स्वतःची मतं नव्हती असं नाही. संध्याकाळी पायरीवर बसली की दिल्लीपासून आमच्या पंचायतीपर्यंत सगळ्यांना ती धुऊन काढायची. फळ्यावर मात्र त्यातला शब्द नसे. "माजा मत माज्या घरात," ती म्हणायची. "फळो सगळ्यांचो."

एकदा ती चुकली होती. किनाऱ्यावरचं बोलणं ऐकून तिने लिहिलं, लवू तांडेलांची होडी बुडाल्याचे समजते. कुणीतरी ते लवूच्या आईला, रुक्मिणीला, वाचून दाखवलं आणि ती स्टँडवरच कोसळली. होडी देवगडला आसऱ्याला थांबली होती, संध्याकाळी परत आली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर देशाच्या बातम्या नव्हत्याच. फक्त एवढं होतं: 'कालची बातमी खोटी होती. मी न पाहता लिहिली. रुक्मिणीबाईंची माफी मागते.' त्या दिवसापासून तिने नियम केला. एकतर स्वतः बघायचं, नाहीतर सांगणाऱ्याने आपलं नाव द्यायचं.

त्या मे महिन्यात खालच्या वाडीत चार दिवसांत तीन माणसं जुलाब-उलट्यांनी गेली. बर्नादेत बाय बुधवारी स्वतः वाडीत गेली, तिन्ही घरांत बसून आली. मग आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना तिने सरळ विचारलं, पटकी आहे का. डॉक्टर म्हणाले, "नमुने मिरजेला पाठवलेत. अहवाल येईपर्यंत तो शब्द मला उच्चारता येत नाही. आणि माझं नाव कुठे घालू नका."

गुरुवारी सकाळी फळ्यावर तो शब्द नव्हता. होतं ते असं: 'खालच्या वाडीत चार दिवसांत जुलाब-उलट्यांनी तीन जण वारले. तिन्ही घरांचे पाणी मधल्या विहिरीचे. पाणी उकळून प्यावे.'

आमच्या सरपंचांना सगळे अप्पा म्हणत. वर्गणीसाठी आठ वर्षं मुंबईच्या चाळी पायाखाली घालून त्यांनी देवळाचं काम पुरं करत आणलं होतं. सोमवारी कलशारोहण होतं आणि रविवारी चाकरमान्यांच्या दोन गाड्या यायच्या होत्या. फळ्याची वार्ता कळताच त्यांनी मला बोलावलं. "बाबू, जा आणि पूस तां."

पहिल्यांदा पुसलं तेव्हा साडेआठ वाजले होते. ती घरातून आली, तेच पुन्हा लिहून गेली. अकराला मी परत गेलो. स्टँडवर गर्दी होती. कुणीतरी मागून "बरा केलंस" म्हणालं, आणि कोण ते बघायला मी वळलो नाही. तिसऱ्यांदा, दुपारी, ती फळ्यापाशीच उभी होती. तिने खडू माझ्यापुढे धरला.

"बाबू, ह्यातला खोटा काय तां दाखव. मी आताच पुसतंय."

मी सगळं दोनदा वाचलं. खोटं काहीच नव्हतं. मी फडकं पिळलं आणि पुसलं.

चार वाजता वाचनालयात बैठक बसली. अप्पा, चिटणीस, दोन सभासद, आणि कागद लिहायला मी. अप्पा ओरडले नाहीत. तिला खुर्ची दिली.

"बर्नादेत, पाणी उकळून पिया, इतक्या लिव. मोठ्या अक्षरात लिव. पण मेली ती लिव नको गो. मुंबयक तार गेली तर गाडयो रिकाम्यो येतल्यो. आठ वर्सा माज्या जिवाची गेलीत."

"अप्पानू, पावसासाठी ठेवलेली लाकडा मे म्हयन्यात कोण जाळतलो?" ती म्हणाली. "तुमी नुसता 'उकळा' म्हणाल तर बायल माणसा हसतली. तीन मेली ह्या कळला, तरच चूल पेटतली."

"आणि लोक घाबरान पळाले तर?"

"घाबरांदेत. घाबरतले ते वाचतले."

"तुजी ती रुक्मिणी आठवता मा? फळो वाचून पडली ती?"

बर्नादेत बायचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "आठवता. म्हणान ह्या टायमाक घराघरात जावन इलंय. तुमी खंय गेल्लास?"

अप्पा उठले. चिटणिसांनी नजर खाली घालून सांगितलं की फळा काही दिवस आत ठेवू. खिळ्यावरून तो मीच काढला.

शुक्रवारी सकाळी तिच्या फाटकावर शिवणाच्या मापांचा खाकी कागद टाचलेला होता. त्यावर निळ्या शाईत त्याच ओळी. दहाच्या सुमाराला घराच्या कौलांवर दगड पडला. शिवणाला अकरा मुली यायच्या, त्या दिवशी दोन आल्या. मी पंचायतीच्या खिडकीतून हे सगळं बघत होतो, आणि मला एक गोष्ट ठाऊक होती जी तिला ठाऊक नव्हती.

विहिरीत आठवड्यातून एकदा जंतुनाशक पावडर टाकायची असते. पावडरचं पोतं आमच्या कोठीत पडून होतं. शिपाई रजेवर, ऊन कडक, वाडी दोन मैल. सात आठवडे मधल्या विहिरीत पावडर पडली नव्हती. वहीत मात्र दर आठवड्याला पावडर टाकल्याची नोंद होती, आणि खाली सही माझी.

दुपारी मी मागच्या दाराने तिच्याकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ती मशीन थांबवून ऐकत राहिली.

"लिवू?" तिने विचारलं.

"लिव."

"तुजा नाव घालू?"

घरी म्हातारे आईबाबा होते, नोकरीला तीन वर्षं झाली होती. मी मान हलवली. नको.

"मग माका लिवक येवचा नाय. नाव नसलेला मी लिवणंय नाय, तुका म्हायत आसा."

"पण खरा आसा तां, बाय!"

"मग माका सांगलंस कशाक?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आता माका म्हायत आसा आणि माज्यान बोलवत नाय. अप्पांनी फळो काढलो, तू माजा तोंड बांधलंस."

मी तिथून निघालो तो सरळ कोठीत गेलो. पोतं सायकलला बांधून भर उन्हात वाडीत नेलं आणि विहिरीत पावडर मीच टाकली. कुणाला काही सांगितलं नाही.

शनिवारी खालच्या वाडीतला बाबुश फर्नांडिस गेला. चाळिशीचा, धडधाकट माणूस. तिने कागदावर तीनचे चार केले. कागद दोनदा फाडला गेला, दोनदा नवा लागला. रविवारी गाड्या आल्या. फाटक स्टँडच्या समोरच, त्यामुळे उतरलेल्या चाकरमान्यांनी सामान खाली ठेवून कागद आधी वाचला. परत कुणी गेलं नाही. पण सोमवारी देवळामागे पाच मोठे टोप चुलीवर होते आणि महाप्रसादाला आलेल्या प्रत्येकाला उकळलेलं पाणी मिळालं. लाकडं अप्पांच्या घरची होती. पाणी का उकळलं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. देवळात जेवलेलं कुणी आजारी पडलं नाही. अप्पा शेवटपर्यंत म्हणत राहिले, "बघा, काय झाला?" आणि बर्नादेत बायसुद्धा तेच म्हणायची, "बघा."

मिरजेचा अहवाल वीस दिवसांनी आला. पेपरात दोन ओळी होत्या, गॅस्ट्रोची साथ आटोक्यात. मेलेल्यांचा आकडा त्यात नव्हता.

गणपतीच्या आधी चिटणीस फळा घेऊन तिच्या दारात आले. अट एकच, गावची बातमी लिहिण्याआधी त्यांना दाखवायची. ती म्हणाली, "फळो घेवन जावा." फाटकावरचा कागद चालू राहिला.

अठ्ठ्याऐंशीच्या सप्टेंबरात मानहानीच्या विधेयकाविरुद्ध वर्तमानपत्रं एक दिवस बंद राहिली. त्या दिवशी तिच्या फाटकासमोर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. सगळे गेल्यावर मी म्हटलं, "बाय, आता माजा नाव घाल."

तिने विचारलं, "घरात इचारलंस?"

"इचारलंय."

दुसऱ्या दिवशी कागदावर होतं: 'चौऱ्याऐंशीच्या साथीआधी मधल्या विहिरीत सात आठवडे पावडर टाकली नव्हती. वहीतली नोंद खोटी होती, असे ती नोंद करणारे कारकून बाबू मेस्त्री सांगतात.'

संध्याकाळी बाबुशची बायको मारियान आमच्या दारापुढच्या खळ्यात येऊन उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाही.

"तेवा सांगलं आसतंस तर तो वाचलो आसतो?"

"माका म्हायत नाय," मी म्हटलं. "वाचलो आसतो बहुतेक."

तिने पदराने तोंड पुसलं. "ह्या इतक्या वर्सांत कोणी माका सांगूक नाय," ती म्हणाली, आणि आल्या वाटेने खालच्या वाडीकडे चालू लागली. चौकशीची नोटीस मला त्याच आठवड्यात मिळाली.