दानियलभाऊ रोज काय बोलायचे

दानियलभाऊ गेल्याचा फोन मला त्यांच्या घरून आला नाही. तो आला नांदूरघाटच्या पुढच्या वस्तीवरून, कौसाबाई नावाच्या धनगर बाईंचा. "सर, आमचा डायवर गेला हो..." मागे मेंढरांचा आवाज येत होता. सकाळी दात घासताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं, हे मला नंतर कळलं. मी केजमध्ये त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर राहतो, तरी बातमी अशी वीस-पंचवीस किलोमीटर फिरून माझ्यापर्यंत आली. एका ख्रिस्ती जीपवाल्याला एक धनगर बाई 'आमचा' कशी म्हणते, हे सांगायचं म्हणजे बरंच मागे जावं लागेल. आता महिना उलटून गेलाय. सांगायला हरकत नाही.

मी नांदूरघाटच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. केजहून रोज सकाळी दानियल साळव्यांच्या काळीपिवळीनं जायचं आणि संध्याकाळी त्यांच्याच जीपनं परत. पुढची डावीकडची जागा माझी, ती कुणी न ठरवता ठरून गेलेली. जीप माणसांनी गच्च भरली की दानियलभाऊ चावी लावायचे, पण फिरवायचे नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून मिनिटभर समोर बघत बसायचे. डोळे उघडे, ओठ मिटलेले. रोजच्या प्रवाशांना त्याची सवय होती. नवा कुणी 'कावून थांबलाय?' म्हणाला, की मागून कुणीतरी सांगायचं, "थांब जरा, दानियलची मीटिंग चाललीय."

मी मूळचा नेकनूरचा, बौद्ध घरातला. आमच्याकडे संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची आणि वंदना झाली की वडील आम्हा भावंडांना आज शाळेत कोणता प्रश्न विचारलास, असं विचारायचे. उत्तर काय दिलंस हे कधीच विचारायचे नाहीत. त्यामुळे शेजारी बसलेला माणूस रोज मिनिटभर कुणाशी तरी न बोलता बोलतो, हे बघून मला गप्प बसणं शक्यच नव्हतं. महिनाभर कळ काढली आणि एक दिवस विचारलं, "दानियलभाऊ, काय म्हणता हो तुम्ही त्या वेळी?"

"काय न्हाई. आज कोण कोण बसलंय ते सांगतो. मागं गोदाबाई हाय, तिचा गुडगा दुखतोय. इस्माईलची परीक्षा हाय. फुडं सर हायेत, आज डब्यावर रुसून आलेत."

मी डबा घरी विसरलो नव्हतो, मुद्दाम ठेवून आलो होतो. बायकोशी वाजलं होतं. ते यांनी कसं ओळखलं, हा प्रश्न बाजूला ठेवून मी विज्ञानाच्या मास्तरासारखं म्हणालो, "पण तुमच्या देवाला सगळं माहीत असतं म्हणता ना? मग सांगायचं कशाला?"

"सर, शाळेतून पोरगं आलं की आई इचारते, आज काय झालं? तिला काय म्हाईत नसतं व्हय? तिला त्याच्या तोंडून ऐकायचं असतं." मग गिअर टाकत म्हणाले, "आन् सांगता सांगता मला बी कळतं, मागं कोण बसलंय ते. न्हाईतर नुसती डोकी दिसतात आरशात."

यानंतर आमचं रोजचं सुरू झालं. मी विचारायचो, ते गाडी चालवत उत्तर द्यायचे. उत्तर येतं का वरून? "कवा कवा येतं. आवाज न्हाई येत. पण उतरताना एखाद्याला हात द्यावा वाटतो, तवा समजायचं." तुम्ही मागता काय? "पयले लई मागायचो. आता मागायचं ध्यानात ऱ्हात न्हाई, बोलण्यातच येळ जातो." त्यांच्या आजोबांच्या काळापासून घर ख्रिस्ती. रविवारी केजच्या छोट्या प्रार्थनाघरात पाच-सहा कुटुंबं जमायची, त्यात हे पेटी वाजवायचे. पण धर्माविषयी ते मला एक अक्षर कधी बोलले नाहीत. बोलायचे ते 'त्याच्याविषयी', जसं एखाद्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाविषयी बोलावं तसं.

मग ती थंडीतली सकाळ आली. धुकं होतं. नांदूरघाट सोडून पुढच्या वस्तीकडे दोन माणसांना पोचवायला ते चालले होते. मी नेहमीसारखा शाळेपाशी उतरलो होतो. वळणावर मेंढरं रस्ता ओलांडत होती. दानियलभाऊंनी वेग कमी केला होता, कळप पार झाल्यासारखा दिसला, म्हणून ते पुढे सरकले. त्याच क्षणी मागे राहिलेल्या एका मेंढीला वळवायला सोपान धनगर धुक्यातून उलटा रस्त्यावर आला. जीपचा पुढचा कोपरा त्याच्या पायावर बसला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. दानियलभाऊंनीच त्याला उचलून जीपमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं. पंचनामा झाला. सोपाननं स्वतःच सांगितलं, चूक ड्रायव्हरची नाही, मीच मागं फिरलो. प्रकरण तिथं मिटलं.

दानियलभाऊंचं मात्र मिटलं नाही. त्यांनी जीप मेहुण्याला चालवायला दिली. आठवड्यानं मी घरी गेलो, तर ते अंगणात बसलेले. मी विचारू नये ते विचारलं, "बोलणं झालं का... वर?"

"बोलणं बंद हाय." ते पुढे म्हणाले, "सर, मी रोज आतल्यांची नावं सांगायचो. रस्त्यावरच्यांची कवाच सांगितली न्हाईत. ध्यानातच आलं न्हाई, की त्यो बी कुणीतरी हाय."

"मग आता रागावलात त्याच्यावर?"

"रागावलोय बी, आन् लाज बी वाटतीय. पण सकाळी बसतो. बोलत न्हाई, नुसता बसतो. घरातल्या माणसाशी अबोला धरला तरी घर सोडून जात न्हाई माणूस."

प्रार्थनाघरातले पास्टर समजूत घालायला आले होते. बायबलातल्या, हरवलेल्या मेंढरामागे जाणाऱ्या मेंढपाळाचा दृष्टांतच तुमच्यासमोर घडला, असं काहीसं म्हणाले. दानियलभाऊंनी त्यांना शांतपणे सांगितलं, "दृष्टांतात माणसाचा पाय मोडत न्हाई, पास्टर."

दुसऱ्या दिवशी ते माफी मागायला सोपानच्या वस्तीवर गेले. सोपान खाटेवर पडलेला, पायात सळई. त्याच्या पत्नी कौसाबाई दारात उभ्या. यांनी हात जोडले. बाई म्हणाल्या, "तुजी माफी घिऊन मी काय करू? मेंढरं आठ दिस झाले कोंडलीत. पोरगा पुण्याला कामावर हाय. माफी मागायची तर जा, सोड त्यांना."

आणि हा माणूस, ज्यानं उभ्या आयुष्यात स्टिअरिंगशिवाय काही धरलं नव्हतं, त्यानं भिंतीला टेकवलेली काठी उचलली आणि जाळीचं कुंपण उघडलं.

साडेतीन महिने. रोज केजहून पहिल्या गाडीनं वस्तीवर, दिवसभर माळावर, दिवस मावळता परत. पहिल्या दिवशी मेंढरं कुणाच्या तरी तुरीत शिरली आणि त्यांना शिव्या खाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या आठवड्यात एका रविवारी मी मुद्दाम बघायला गेलो. माळावर दानियलभाऊ टोपी घालून हाका मारत होते आणि पन्नासेक मेंढरांपैकी एकही मान वर करत नव्हतं.

"बगा सर," ते धापा टाकत म्हणाले. "सोपाननं खाटेवरून जिभेनं नुसतं टक् टक् केलं, की समदी कान टवकारतात. मी तसंच्या तसं करतो. ढिम्म हलत न्हाईत."

"ध्वनी वेगळा असेल."

"ध्वनी तोच हाय हो. माणूस तो न्हाई."

मला ते वाक्य फार आवडलं. विज्ञानात बसत नव्हतं, तरी आवडलं. मी विचारलं, मग काय करणार? म्हणाले, "काय करायचं? रोज यायचं. आज न्हाई तर उद्या, रोज दिसलो की वळखतील. घाई करून वळख होत न्हाई."

अबोला कधी सुटला, ते त्यांनी मला पुढे उन्हाळा लागताना सांगितलं. दुपारी ते बाभळीखाली बसले होते. एक मेंढी कळपातून उठून आली आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून खाली बसली. "पाला मागायला आली म्हणावं, तर माज्याकडं पाला न्हवता. भ्यालती म्हणावं, तर कुत्रं बी न्हवतं जवळ. नुसती यिऊन बसली. सर, मी इतकी वर्सं म्हणायचो, माजा त्याच्यावर भरवसा हाय. त्या दिशी वाटलं, आरं, त्यो बी माज्यावर भरवसा ठिवून बसला असंल इतके दिस. म्या बोलायची वाट बगत. पाठीला पाठ लावून."

"मग काय बोललात?"

"काय बोलणार... म्हणलं, आलो."

सोपान काठी टेकत हिंडायला लागला तेव्हा दानियलभाऊंनी जीप परत घेतली. सकाळचं मिनिट आता तीन मिनिटांचं झालं. माळावरचे, वळणावरचे, सायकलवाले, सगळे त्यात आले. लोक घड्याळ बघून कुरकुरायचे, पण उतरून दुसऱ्या जीपमध्ये कुणी बसलं नाही. बाजाराच्या दिवशी सोपान मधल्या सीटवर असायचा. तो एकदा म्हणाला, "डायवर, तुज्या देवाला माज्या मेंढरांची नावं बी सांग की." दानियलभाऊ म्हणाले, "सांगितलीत. तुज्यापरीस जास्त मला पाठ हायेत."

माझी बायको आजारी पडली तेव्हा तिचं नाव रोज त्या तीन मिनिटांत असायचं, हे मला ठाऊक होतं. ती गेली. मी फार कडू झालो होतो. पाचव्या दिवशी ते आले, तेव्हा मी तोंडावर विचारलं, "रोज नाव सांगत होतात ना? काय उपयोग झाला?" "म्हाईत न्हाई, सर," म्हणाले. आणि संध्याकाळपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिले. त्या दिवशी त्यांची जीप निघाली नाही. माझ्या कुठल्याही प्रश्नाला कुणी इतकं प्रामाणिक उत्तर दिलेलं मला आठवत नाही.

मी आजही माझ्या घरच्या, बुद्धाच्या वाटेनंच चालतो. त्यांचा देव आहे की नाही, हा प्रश्न माझ्याकडे जसाच्या तसा आहे. पण ते ज्याच्याशी बोलत, त्याच्याशी त्यांचं नातं होतं, यात मला शंका नाही. खोटं नातं इतकं सोसत नाही.

परवा मार्थावहिनींना भेटायला गेलो, दानियलभाऊंच्या पत्नीला. त्या बोलण्यात पहिल्यापासून बेताच्या. घरातली प्रार्थना नवऱ्यानं करायची आणि यांनी शेवटी आमेन म्हणायचं, अशी वाटणी होती. स्वयंपाकघराच्या दाराशी उंबऱ्यावर बसून त्या गवारीच्या शेंगा मोडत होत्या. मी विचारलं, "आता सकाळी कसं करता?"

"बसते की मी बी." शेंगेची शीर ओढत त्या म्हणाल्या. "पयल्या दिशी काय बोलावं सुचंना. ह्यांच्यासारखं मला कुटं येतंय. मग ह्यांच्याच तक्रारी सांगायला बसले. सांगता सांगता ऊन वर आलं."

"कसल्या तक्रारी?"

त्यांनी पदरानं डोळे पुसले, आणि हसल्याही.

"म्हणलं, तुज्याकडं आलाय आता. शुगर हाय त्याला. गोड बोलून चहा मागंल, लई गोड बोलतो त्यो... पण साखर घालू नको."