चार मीटरचा वरवंटा

डोळखांबच्या बाजूला, ताईच्या घरामागे नाचणीचा माळ आहे. एका छोट्या खनिज शोधणाऱ्या कंपनीला तो हवा होता. खाली बॉक्साइट आहे, असं तिचं म्हणणं. मोबदला रोख नव्हता, कंपनीचे शेअर होते. दाजी दुसऱ्या दिवशी संमतिपत्रावर सही करणार होते. ताईनं मला बोलावून घेतलं.

"तू पेपरात होतास ना, मंग बघ जरा. माळ गेला का परत येत नाय."

अशा कंपनीकडे विकायला अजून काहीच नसतं. परवाना, जमिनीतून काढलेले नमुने आणि ते दाखवणाऱ्यांचा खरेपणा, एवढंच तपासता येतं. परवाना चालू होता. कंपनीच्या पत्रकात लिहिलं होतं : माळावर पाडलेलं तिसरं भोक, नऊ मीटरपर्यंत तांबडा दगड, म्हणजे बॉक्साइट.

दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये कंपनीच्या साहेबांनी तिसऱ्या भोकाच्या पेट्या उघडल्या. भोकातून निघालेल्या दगडाच्या गोल कांड्या खणांत ओळीनं मांडलेल्या. नऊ मीटरपर्यंत तांबड्या. मध्ये कुठेही रिकामी जागा नाही. मी दोनदा मोजलं.

"खोट नाय मिळाली तर पेपरवाल्याला जेवण जात नाय," दाजी म्हणाले.

घरी आलो तेव्हा ताई पाट्यावर सुक्या बोंबलाची चटणी वाटत होती. वरवंटा काळा, अगदी गोल. त्याच्यावर टाकीचा एकही घाव नव्हता.

"हा कुठला?"

"भोक पाडायच्या मशीनवाल्यांनी दिला. रोज ताक प्यायचे माझ्याकडं. पाथरवटाला जमंल का रे असा?"

मी तो धुतला. एका टोकावर पिवळा रंग उरला होता : भोक तीन, मीटर चार.

एक काळी कांडी म्हणजे सगळं भोक नव्हे. पण ती इथे होती, तर पेटीत तेवढा खण रिकामा हवा होता. दाजींना मी एवढंच सांगितलं.

"रंगवताना चुकलं असंल," ते म्हणाले. शक्य होतं. जेवण होईपर्यंत ते तीनदा उठून अंगणात गेले. मीही गेलो.

सकाळी साहेब कागद घेऊन आले. वरवंटा बघितल्यावर म्हणाले, "हा कंपनीचा नमुना आहे. परत करावा लागेल."

"ठेवणार कुठे?" मी विचारलं. "खण तर भरलेला आहे."

ते कागद नीट लावत राहिले.

"न्या की," ताई म्हणाली. "पण मंग चटणी कशावर वाटू? तुमच्या शेअरवर?"

दाजी हसले नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "परत भोक पाडा. आमच्या समोर. मंग सही."

साहेब गेले. मशीन पुन्हा आलं नाही. खाली काय आहे, हे आम्हाला आजही माहीत नाही. तिसऱ्या भोकावर एक चपटा दगड ठेवला आहे. माळावर गेले की दाजी तो उचलतात, आत बघतात आणि परत ठेवतात.