विसावं नाव, एकविसावं नाव

ऑफिसात सगळे त्यांना मास्तर म्हणत. आधी गणित शिकवायचे, पुढे प्रोग्रॅम लिहायला लागले. पण दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खुणा करायची खोड काही गेली नाही. हॉस्पिटलसाठी फेरतपासणीची यादी केली तेव्हा तर त्यांना आकाश ठेंगणं झालं होतं. जुनी यादी उघडली की कॉम्प्युटर अडून बसायचा आणि नर्सही. मास्तरांच्या यादीत विभाग निवडला की आधीच्या तपासणीच्या तारखेच्या क्रमाने वीस नावांचं एक पान समोर यायचं. नर्स त्यांना फोन करायची, तोवर पुढच्या विसांचं पान तयार. शेवटचं पान संपलं की त्या महिन्याची यादी बंद.

परवा मास्तरांच्या ताईला तिथेच दाखल केलं. आजार पसरला होता.

"वर्षापूर्वीच फेरतपासणीला यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

"फोनच नाही आला," ताई म्हणाली.

मास्तरांनी तडक ऑफिसात जाऊन यादी उलगडली. ताईची आधीची तपासणी झाली त्याच तारखेला एकूण तीस जणांची झाली होती. एका तारखेचे इतके जण असले तर त्यांच्यात आधी कोण, हे मास्तरांनी ठरवूनच दिलं नव्हतं. कॉम्प्युटर प्रत्येक पानाला क्रम नव्याने लावत होता. पहिलं पान मागितलं तेव्हा ताई एकविसावी होती, दुसरं, म्हणजे एकविसाव्यापासूनचं, मागितलं तेव्हा विसावी. म्हणजे ती कुठल्याच पानावर आली नाही. तारीख एकच असेल तर रुग्णक्रमांकाने क्रम लावायचा, एवढंच सांगायचं राहिलं होतं. हीच चूक एखाद्या पोराने केली असती तर मास्तरांनी त्याला फाडून खाल्लं असतं.

असे सुटलेले आणखी नऊ जण सापडले. नर्सने त्यांना फोन लावायला घेतले, तेव्हा मास्तर ताईच्या खाटेपाशी जाऊन बसले आणि हातचं काही न राखता सगळं सांगून मोकळे झाले.

"गाठ हाताला लागत होती रे," ताई म्हणाली. "दोनदा चपला घालून निघालेही होते."

"मग आली का नाहीस?"

"म्हटलं, यादी आपल्या धाकट्याने केलीय. काही असतं तर फोन आला असता."

मास्तर लहान मुलासारखे रडायला लागले. ताईच त्यांची समजूत काढत राहिली.