गंमतीतली बाई

लग्न होऊन मुर्रीला आले, त्या पहिल्याच दिवाळीत मला कळलं की या घरात आधीपासून एक बाई आहे. माझ्यापेक्षा देखणी, माझ्यापेक्षा नाजूक, केस पार कंबरेपर्यंत. वर्षातून फक्त मंडईच्या दिवसांत यायची. ती म्हणजे माझा नवरा.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. जत्राच म्हणा. शिंगाडे, जिलेबी, पाळणे, घराघरात पाहुणे, आणि भर दुपारी खडी गंमत. तिला ना पडदा, ना मंच. लोक चारी बाजूंनी गोल धरून बसतात आणि मधे शाहीर, ढोलकीवाला अन् एक बाई. ही बाई कधीच बाई नसते. दाढी गुळगुळीत घोटून, लुगडं नेसून, घुंगरू बांधून पुरुषच उभा राहतो. आमचे हे वर्षभर राईस मिलमध्ये पोती उचलायचे, घरी आले की हूं की चूं नाही, आणि मंडईत असे लाजायचे की नव्या नवरीनं वही घेऊन बसावं.

मी शिवणकाम करते. घरची म्हणते देवा देवा, बाहेरचीला चोळी शिवा, अशी म्हण आहे ना? आमच्या घरी त्या बाहेरचीची चोळीसुद्धा मीच शिवायची, आणि माझ्या आधी. मापाची कटकट नव्हती, बांधा आमचा सारखाच. मी उंच, खांद्यानं रुंद. आवाज म्हणाल तर मोबाईल कंपनीची पोरगी फोनवर मला दर वेळी 'सर' म्हणते, आणि आता मीही तिला सुधारत नाही. सासूबाई म्हणायच्या, देवानं दोघांना सगळं बरोबर दिलं, फक्त वाटताना घोळ केला.

एकदा चोळीला हुक लावता लावता मी यांना विचारलं, हे लाजणं-मुरडणं शिकले कुठून? म्हणाले, बायांकडं पाहून. मी म्हटलं, म्हणजे माझ्याकडं? तर हसले. "तुह्याकडून काय शिकन? तुह्यात बाईसारखं आहेच काय?" ते मस्करीत बोलले असतील, पण मला लागलं. त्या दिवशी हुक मी मुद्दाम घट्ट लावले.

मग ते वर्ष आलं. बिरसीच्या पलीकडं एक गाव आहे, तिथल्या मंडईत हे लग्नाआधीपासून बाई होत आले. त्या गावच्या पोट्ट्यांनी टूम काढली की आता पुरे, यंदा ऑर्केस्ट्रा आणू, खऱ्या पोरी नाचवू. मंडई समितीचा म्हातारा अध्यक्ष यांच्या बाजूनं होता. तो म्हणाला, यंदा गंमत होऊ द्या, नाही रंगली तर पुढल्या साली तुमचा ऑर्केस्ट्रा. आणि मंडईच्या आदल्या दिवशी मिलमध्ये पोतं उचलताना यांच्या कंबरेत उसण भरली. दोघा हमालांनी धरून खाटेवर आणून टाकलं. कूस बदलायची म्हटलं तरी घाम फुटे.

शाहीर धावत आले. मंडईच्या हंगामात दुसरा नाच्या मिळणं म्हणजे लग्नसराईत आचारी मिळणं. ते डोकं धरून बसले. यांनी डोळे मिटूनच सांगितलं, "उद्या कोणी उभं झालं नाही, त त्या गावात माही बाई मेली समजा." दुखण्यानं न रडलेला माणूस त्या वाक्यावर रडकुंडीला आला. मी चहा घेऊन दारात उभी होते. शाहिरांनी चहा घेतला नाही, माझ्याकडं पाहत राहिले. खालून वर, वरून खाली.

तालमी आमच्याच अंगणात व्हायच्या, मशीन चालवता चालवता मला सगळी गाणी पाठ झालेली. ते शाहिरांना ठाऊक होतं. मी आधी नाही म्हटलं, मग हसले, मग यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि हो म्हटलं. शाहिरांची अट एकच होती: कोणाला कळता कामा नये. बाई उभी आहे म्हटलं की लोक बाई पाहतील, गंमत कोण पाहील? म्हणजे मला बाई व्हायचं नव्हतं. मला माझा नवरा व्हायचं होतं, तो बाई होतो तसा.

यांनी खाटेवरून शिकवायला सुरुवात केली. हात असा नाही. मान अशी नाही. शेवटी म्हणाले, "बाई अशी नाही चालत."

"मंग मी इतके वर्षं काय रांगून राहिली का?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तोंडावर पांढरा थर, डोळ्यांत काजळ, यांचंच गंगावन, माझ्याच लग्नातलं लुगडं. आरशात पाहिलं तर मी यांच्यासारखी दिसत होते. गोलात उतरले. अध्यक्ष पहिल्या रांगेत, पण खाली बसलेले. त्यांच्या मागं खुर्चीवर एक पोट्टा पाय पसरून, हातात मोबाईल. शाहिरांनी गाणं उचललं, मी यांच्यासारखा बारीक आवाज काढून 'धान आलं खळ्यात, सजन माझा मळ्यात' म्हणू लागले. आवाज फाटला. गिरकी घेतली ती डाव्या बाजूला घ्यायची होती, ढोलकीवाल्याच्या मांडीवर जाता जाता वाचले. नाचता येईना अंगण वाकडं, पण तिथं तर अंगणही सपाट होतं. कोणीतरी म्हणालं, बुढा झाला आता हा, बाईची चाल गेली याची. आम्ही बाईमाणूस, जन्मभर याच पायांनी चाललो, आणि मंडईनं मला बाई म्हणून नापास केलं.

तेवढ्यात बिरसीच्या विमानतळावरचं, पोरांना उडवायला शिकवायचं विमान डोक्यावरून घरघरत गेलं. अख्खी मंडई माना वर करून पाहू लागली, जणू जन्मात विमान पाहिलं नाही, रोज दहा वेळा जातं ते. खुर्चीवरचा पोट्टा ओरडला, "या बुढीले त्याच्यात बसवून धाडा रे, ऑर्केस्ट्रा बोलवा!" लोक फिदीफिदी हसले. अध्यक्ष खाली पाहू लागले. माझ्या डोळ्यांसमोर घरी खाटेवर पडलेला माणूस आला आणि माझं डोकं फिरलं.

पदर कंबरेला खोचला, एक हात कंबरेवर, आणि माझ्या स्वतःच्या भसाड्या आवाजात मी त्याच्यावर तुटून पडले. "वर काय पाहून राहिला रे? विमान तुह्या बापाचं होय का? येथं एक जीव घसा फोडून राहिला, कंबर मोडून राहिला, अन् तुले विमान पायजे? घरी माय भात वाढते तवाही तू असाच मोबाईलात पाहून जेवत असशील. भातात खडा आला तरच तुले माय आठवते. उठ! ते खुर्ची त्या बुढ्याले दे. उठतं का येऊ?"

तो उठला. खरंच उठला, आणि अध्यक्षांना खुर्ची दिली. मग असा हशा फुटला की पाळण्यावरची पोरंही उतरून आली. बाया तर एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. ढोलकीवाला हुशार, त्यानं माझ्या बोलण्याचाच ठेका धरला, शाहिरांनी गाणं त्यावर चढवलं, आणि पुढचं सगळं मी माझ्या आवाजात गायले. सजनाला मळ्यातून अशी हाक मारली की तो असता तर आलाच असता.

संपल्यावर अध्यक्ष जवळ आले. माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "भाऊ, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तू बाई वाटला." मी पदर तोंडात धरून मान हलवली. आणखी काय करणार?

घरी येऊन शाहिरांनी सगळं सांगितलं. हे ऐकत राहिले. गिरकी कोणत्या बाजूला घेतली, एवढंच विचारलं. हे पुन्हा कामावर जाऊ लागले तेव्हा आठवडाभर त्या गावचे लोक मिलमध्ये येऊन यांची पाठ थोपटत होते, आधीच दुखणारी. हे कडू तोंडानं घरी यायचे. माझं कौतुक माझ्या नवऱ्याला मिळत होतं आणि त्याला ते पचत नव्हतं. मला गंमत वाटायची आणि रागही यायचा. पुढल्या सालचं बोलावणं आलं, त्यात निरोप होता: मागच्या वेळची बाई पाहिजे, ती नसेल तर ऑर्केस्ट्रा ठरलेला आहे.

तेव्हा कुठं एका दुपारी हे मशीनजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "त्या पोट्ट्याले कशी बोलली, एकदा बोलून दाखव." मी म्हटलं, रागावल्याशिवाय मला येत नाही. तर म्हणे, मग मी आणतो तुला राग. ते त्यांना फार सोपं गेलं. दिवाळीपर्यंत रोज आमच्या घरात एक बाई भांडत होती आणि दुसरी तिच्या चुका काढत होती. मी असा हात नाचवत नाही, मी सांगायची. नाचवतेस, ते सांगायचे.

मंडईला मी बायांत जाऊन बसले, लोकांसारखी. हे उतरले, आणि या वेळी लाजले नाहीत. पदर खोचला, हात कंबरेवर गेला, आणि समोरच्या एका मोबाईलवाल्याला असं झापलं की गोल हसून लोळला. माझाच हात, माझीच मान, माझाच आवाज. नाचवते बाई मी हात. शेजारी शेंगा खात बसलेली एक बाई मला म्हणाली, "माय वो, असल्या बाईसंग कोण नांदत असंल?" मी म्हटलं, असतो एखादा.

ऑर्केस्ट्रा गेला, हे मला तेव्हाच कळलं. पण हे थांबले नाहीत. भांडून झाल्यावर खोचलेला पदर त्यांनी सोडला. चारी बाजूंनी लोक, लपायला जागा नाही, म्हणून ढोलकीवाल्याच्या पाठीमागं तोंड फिरवून उभे राहिले आणि पदराचं टोक डोळ्यांना लावलं. एकदा, पटकन, कोणी पाहत नाही असं समजून. भांडण झालं की मी अशीच मशीनमागं भिंतीकडं तोंड करून उभी राहते. शेजारणीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

हे मी त्यांना शिकवलं नव्हतं.